एकादशीचे आकडे

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
मार्गशीर्ष वद्य एकादशी, १५ डिसेंबर २०२५

चि. विपुलभाऊजी यांस वच्छलावहिनीचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. थंडी बरीच आहे. शेंदूरजनाघाटची संत्री आली. आईंना दोनच फोडी दिल्या म्हणून रुसल्या आहेत.

तुमच्या नोकरीतल्या विम्याने आईंच्या साखर तपासायच्या पट्ट्या नाकारल्या, हे काल फोनवर कळलं. साखर अचानक उतरते म्हणून रोज चारदा तपासा, असं डॉक्टरांनी लिहिलेलं. आणि विमावाले म्हणतात, मी रोजचे आकडे लिहिते त्या वहीत तर एकदाही उतरलेली नाही. तुम्ही चिडलात. "उतरल्याचे आकडे असतीनच, त्यायनं वहीची झेरॉक्स वाचलीच नसन. वहिनी, तुमचं काम पक्कं. एकेक आकडा खरा आहे, असं मी सहीनिशी लिहून देतो." हे शेजारीच बसले होते. मी बरं म्हटलं.

भाऊजी, ते लिहून देऊ नका.

एकादशीला आई बोट टोचू देत नाहीत. "उपासाच्या दिवशी रगत काढून देवाले कोन्त्या हातानं फूल वाहू वं?" म्हणतात. मीही जोर केला नाही. चार पट्ट्या वाचतात, याचं बरंच वाटायचं. पण वहीत रिकामी ओळ मला पाहवत नाही. दशमीचे आकडे बघून जवळपासचे लिहून टाकायची.

मागच्या एकादशीला त्यांना थोडी चक्कर आली, असं तुम्हाला सांगितलं होतं. थोडी नव्हती. इन्सुलिन घेतलेलं, पोटात काही नाही. घामाने लुगडं भिजलं. मला म्हणाल्या, "कोन वं तू?" गूळपाणी पाजल्यावर ओळखलं. त्या दिवशीच्या ओळीत मी ११४ लिहिले आहेत.

आज पूजेआधीच बोट धरलं. "पाप लागन तुले." लागू द्या म्हटलं. साखर ५३ निघाली. साखरपाणी दिलं, थोड्या वेळाने ९८. दोन्ही लिहिले. आधीच्या सहा एकादश्या खोडून खाली माझी सही केली आहे.

उद्या हे तुमच्याकडे अकोल्याला येतील, त्यांच्याजवळ वही देते. विमावाल्यांना हीच दाखवा. खोटी वही म्हणून त्यांनी सगळंच बंद केलं, तर दोष माझा, तुमचा नाही. पट्ट्या अकरा उरल्या आहेत.

पाकीट चिकटवलेलं आहे. ह्यांना मी आपणहून सांगेन.

यापुढे मला पक्की म्हणू नका.

तुमची वहिनी,
वच्छला