सुनेचं ताट कोन्त्या पानावर?

इंझोरी,
वर्षावासाचा दुसरा महिना

ललिताबाई,

तुमी पुन्यात बसल्या बसल्या मले इकडं भर विहारात खोटं पाडलं, अन् वरून तुमाले त्याचा पत्ताही नाही, याचाच मले जास्त राग येऊन राह्यला. जयभीम राह्यलाच, तो घ्या. गुडघे कसे हायेत? लिफ्ट बंद पडली तं नातवाले कडेवर घेऊन चढू नका, त्याले पाय हायेत. आमी बंदे बरे आहो, म्हैसही बरी हाये, मीच बरी नाही, अन् त्याचं कारन तुमी. (मोठी जाऊ म्हनून मान ठेवून राह्यली, नाही तं कागदाची सुरुवात येगळी झाली असती.) फोन काहून नाही केला म्हनसान, तं फोनवर तुमी "बाकी मजेत ना, रुपे" म्हन्ता अन् मांगून नातवाचं कार्टून वराडते. अन् हे बोलनं सपनासमोर कराचं नाही. सून गुनाची हाये, पन कान मांजरीचे हायेत.

तं झालं असं. आषाढ पौर्णिमेले वर्षावास लागला अन् विहारात धम्माचा ग्रंथ उघडला. तुमी मागच्या दिवाळीले पुन्याले गेल्या, आता वाचाले कोन? वाचता येनाऱ्या पोरी कॉलेजले गेल्या, मानसं फवारनीनं थकले. मंग देवमनभाऊचा धम्मरत्न बसला. वाशीमले नोकरीत हाये, शिकेल हाये, चूक काढता येत नाही. पन वाचते कसा, तं नोटीस वाचल्यासारखा. थांबनं नाही, वर पाहनं नाही. तुमी वाचत होत्या तवा एका पानावर आपन तासभर भांडत होतो. राजपुत्र घर सोडून गेला त्या जागी मी दरसाल उठून इचारत होती का बायकोले इचारलं काय त्यानं, अन् तुमी दरसाल चष्मा कपाळावर सारून म्हनत होत्या, "रुपे, तू तिच्या जागी असती तं जाऊ देल्लं असतं काय?" अन् मंग साऱ्या बायकांचा कालवा. यंदा मी तोंड उघडलं, तं तो तीन पानं पुढं गेला होता. चवथ्या दिवशी अर्ध्या बाया झोपल्या. मी म्हटलं, याच्यापरीस मी बरी वाचीन. त्यानं ग्रंथ माह्या मांडीवर ठेवून देल्ला. (माहं तोंड तुमाले माहीत हाये, आधी चालते अन् मंग मले समजते.)

आता माही शाळा चार बुकं. जोडाक्षर मले पाहते, मी त्याले पाहते, दोघंही जागचे हालत नाही. पन मले भेव नव्हतं. सव्वीस वर्सं तुमचा आवाज या कानात पडेल हाये. बोट ओळीवरून फिरवलं, मनात आलं तवा पान पलटलं, अन् बोलत गेली. तीन दिवस असे गेले का चंपाबाईच्या डोळ्याले पानी आलं, म्हने ललिताबाईच बसल्यासारखी वाटते. एका ठिकानी तं मी "पानी द्या वो कोनी" असंही वाचलं, काहून का त्या जागी तुमी दरसाल मांगत होत्या. पानी आलं. प्याली. पुढं वाचलं.

माह्या वाचनाच्या चवथ्या दिवशी समतेच्या भागात आली, अन् आपलं ते वाक्य म्हटलं: ज्या घरात सून आधी जेवते, त्या घरात धम्माले बलावनं धाडा लागत नाही. धम्मरत्न आपलं सोताचं पुस्तक घेऊन, पेन्सिल लावून बसेल होता. त्यानं हात वर केला.

"काकू, हे कोन्त्या पानावर हाये?"

"जिथं हाये तिथं हाये."

"या पानावर तं नाही. मांगंपुढंही नाही."

"मंग तुहं पुस्तक सस्त्यातलं असंन!"

बंदे हासले, पन तो काही हासला नाही. त्यानं सारी अनुक्रमनिका पाहून काढली. चंपाबाई म्हने मीबी आयकलं. साऱ्याच बायांनी आयकलं. मंग देवमनभाऊ खांबापासून उठला, म्हने, "अरे, याच वाक्यापायी सून आधी जेवते, अन् मले बारा वर्सांपासून थंडी भाकर भेटून राह्यली! पान दाखवा, नाही तं माही भाकर वापस करा!" दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीत दोन घरी सासवा आधी जेवल्या. माह्या घरी सपना ताट घेऊन उभी, "आई, तुमी घ्या आधी." मी वरडली, ग्रंथात हाये म्हन्ते ना! ती हळूच म्हने, "पन नाही ना, आई." असं म्हनून ताट माह्यासमोर ठेवलं. बाई, मी ते ताट झाकलं अन् विहारातून ग्रंथ घरी घेऊन आली.

तवापासून विहारात पुन्हा धम्मरत्नच वाचते, अन् मी घरी ते वाक्य धुंडून राह्यली. दुपारी चष्मा बांधून (दांडी मोडली, सुतळी लावली) बोटाखाली एकएक अक्षर. आधी दिवसाले अर्धं पान, आता दोन होतात. अडलं का सपनाले इचारते, ती न हासता सांगते. अन् तुमी किती पानं खाल्ले ते आता उघडं पडून राह्यलं! बऱ्याच गोष्टी मी पैल्यांदाच पाहून राह्यली. एका जागी तं असं लिहेल हाये का पुस्तकात हाये म्हनून मानू नका, पारखून पाहा अन् मंग माना. आता सांगा, पुस्तकच म्हन्ते पुस्तकात पाहू नको, तं मी कायले डोळे फोडून राह्यली? धम्मरत्नानं हे पान चार मिनिटात वाचलं होतं, कोनाच्या कानाले लागलं नाही.

पन एक सांगते. वाचताना मले माहा आवाज येत नाही, तुमचा येते. कुठं तुमी थांबत होत्या, तिथं मी थांबते, अन् कोनी भांडत नाही. विहारात खिडकीपाशी तुमची चटई कोनीतरी उचलून ठेवते, मी रोज वापस टाकते. त्याच्यावर कोनी बसलं तं मले सहन होत नाही, अन् रिकामी राह्यली तं तेही सहन होत नाही.

तं पान कोन्तं ते लिहून धाडा. बाकी काही मांगत नाही.

तुमची धाकटी जाऊ,
रुपाबाई

ता. क. कागद बंद करत होती, तवा एक आठवलं. ते वाक्य पैल्यांदा आलं त्या वर्सी अश्वजित माह्या पोटात होता, सातवा चालू होता. दिवसभर सोयाबीन सोंगून यावं, अन् आपल्या सासूबाई, केशरबाई, मले शेवटी भाताच्या गंजाच्या बुडाची खरवड देत. त्या विहारात पैल्या रांगेत बसेल होत्या, अन् तुमी वाचताना पुस्तकाकडं नाही, त्यांच्याकडं पाहत होत्या. त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईनं माह्यापुढं ताट आदळलं, "ग्रंथात निघालं, आता काय करतं मानूस!" सव्वीस वर्सं मी म्हनत आली का ग्रंथानं मले जेवू घातलं. बाई, खरं सांगा, ग्रंथानं घातलं का तुमी? अन् त्या घरात सुना तं दोन होत्या. तुमचं ताट कोनं आधी वाढलं? मी तं नाही वाढलं.

ता. क. दुसरा. पान लिहून धाडू नका. मले समतेच्या भागाचे चाळीस पानं राह्यले, ते मी मुद्दाम हळू वाचून राह्यली. कायले ते तुमीच समजा. अश्विन पौर्णिमेले समारोप हाये, तवा या, चटईवर बसा अन् ते वाक्य धम्मरत्नासमोर वाचा. तुमाले पान इचाराची त्याची हिंमत होनार नाही, अन् झाली तं मी बसेलच हाये. त्या दिवशी खीर वाढाच्या आधी पैलं ताट तुमचं, मंग सपनाचं, मंग माहं. देवमनभाऊची भाकर थंडीच राहीन.

येता का नाही ते येत्या शनिवारी सांजच्या आत कळवा. मले तांदूळ किती टाकाचे ते पाहा लागते.