कवळीचा शेवटचा व्हिडिओ परत मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आशय तपासणी विभाग, व्हिडिओ ॲप

विषय : दिवंगत वडिलांचा 'मानवी अवयव' ठरवून काढून टाकलेला व्हिडिओ कायमचा पुसला जाण्यापूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'आम्हाला तुमची काळजी आहे' या शीर्षकाचा आपला नकार.

महोदय,

१. माझे वडील कवळ्या बनवत. नवी कवळी ग्राहकाला देण्याआधी ती बोटांत धरून उघडमिट करायची, तिच्या तोंडून एक वाक्य बोलायचे आणि तो व्हिडिओ परगावी राहणाऱ्या मला, फक्त मला, दिसेल असा आपल्या ॲपवर ठेवायचा, हा त्यांचा नेम होता. "बोलली की बसली," असे ते म्हणत. गेल्या महिन्यात ते वारले. त्यानंतर आपण त्यांचा शेवटचा व्हिडिओ 'अवयवांची विक्री' म्हणून काढून टाकला. महिनाअखेर तो पुसला जाईल. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

२. अपिलासाठी खातेदाराने कॅमेऱ्यासमोर मान डावी-उजवीकडे वळवून हसावे, अशी अट आहे. खातेदार हयात नाहीत असे कळवले असता 'कृपया चेहऱ्यावर पुरेसा उजेड घ्या' असे उत्तर आले.

३. तुलनेसाठी इतर ॲपचा अनुभव नमूद करते. फोटोंच्या ॲपने त्याच कवळीचा फोटो बिनतक्रार ठेवला. मात्र तिथे निधनवार्ता दिल्यापासून मला कवळी चिकटवायच्या पेस्टच्या जाहिराती येतात. माझे सर्व दात शाबूत आहेत. गप्पांच्या ॲपने तर विश्वासाचा कळस गाठला. काकांनी "मी त्याचा भाऊ" म्हणताच वडिलांचे खाते त्यांच्या हवाली केले. परवा कुटुंबाच्या ग्रुपवर वडिलांकडून "सुप्रभात" आले. आत्या म्हणाली, "जन्मभर नऊला उठला, आता बरा पहाटे जागा झाला!" काकांचे म्हणणे, "अगं, चष्मा नव्हता. कुणाच्या खात्यातून बोलतोय ते दिसलंच नाही." याच ॲपवर वडिलांचा फोटो लावून कुणी तिऱ्हाईत केसवाढीचे तेल विकतो. वडिलांना टक्कल होते. मी तक्रार केली, तर 'नियमभंग आढळला नाही' असे उत्तर आले.

४. सारांश, एक ॲप खाजगी असे काही मानत नाही, एक कुणावरही विश्वास टाकते आणि आपण कवळीला माणूस समजता. तिघांत मला आपणच बरे वाटता. आपल्या यंत्राला ती जिवंत वाटली. वडील खूष झाले असते.

५. व्हिडिओ खाजगी असल्याने तो कुणी माणसाने पाहू नये, असा आपला एक नियम आहे; माणसाने पाहिल्याशिवाय तो परत देऊ नये, असा दुसरा. तरी आपणांस, एकट्यांना, तो पाहण्याची परवानगी देत आहे. त्यात बाबांचा चेहरा नाही, हात आहे. कवळी विचारते, "काय गं, जेवलीस का?" मी तो पाहिला त्याच दुपारी बाबा गेल्याचा फोन आला. सगळे आटोपून उत्तर लिहायला बसले, तर व्हिडिओखालची उत्तराची जागा बंद झाली होती. ती उघडावी. मला दोनच शब्द लिहायचे आहेत.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
कवळीवाल्यांची मुलगी
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१) मृत्यूचा दाखला.
२) आत्याचे निवेदन : काकांनी काहीही पाठवले तरी भाऊ खरोखर गेला आहे.
३) सदर कवळीचे छायाचित्र, ग्राहकाच्या तोंडात. ग्राहक हयात आहेत.