शेवंतीच्या ओटीचे बोलावणे

ठाणे, वैशाख वद्य पंचमी, शके १८०७

ती. सौ. सगुणाताईस गोपीनाथचा दंडवत. इकडे आई आणि मुले ठीक. मिठागरावर मीठ काढून झाले, आता पावसाआधी ढीग गवताने शाकारायची घाई. कामातून मान वर करायला फुरसत नाही, असे मी घरी सांगतो. खरे तर घरी थांबवत नाही.

आईने सांगितले म्हणून लिहितो. आपल्या रघूच्या शेवंतीला सातवा लागला. अमावास्या सरली की शुद्ध पंचमीला तिची ओटी भरायची. रघू तिकडे समुद्रापार सुवाकीनच्या लढाईवर, म्हणून इथे काही कमी पडायला नको, असे आईचे म्हणणे. हिरव्या बांगड्या कल्याणच्या बाजारातून तूच आणायच्या. नणंदेचा मान.

आणखी एक गंमत झाली. गेल्या सोमवारी पलटणीकडून कागद आला. शिपाई गोपीनाथ धोंडीबा सुवाकीनजवळ लढाईत पडला म्हणे! मीच वाचला, मीच हसलो. आईचा चेहरा पांढरा पडला. "अरे, रघूचं नाव हाय का त्यात?" मी म्हटले, "नाही गं, माझे आहे. दुसरा कुणी गोपीनाथ असेल. कारकुनाने घोटाळा करून आपल्याकडे धाडला."

मग काय! मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढते, म्हणून आईने मला ओवाळले. शेवंतीने टेंभी नाक्यापर्यंत घरोघर साखर वाटली. "भावोजी, आता शंभर वर्षं जगाल," म्हणाली. कागद तिने देवाजवळ ठेवलाय. रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहते.

ताई, मला ते बघवत नाही गं.

दोन वर्षांमागे पलटणीत नाव मी दिले होते. मोठ्या मर्दुमकीच्या गप्पा हाणल्या होत्या. हजर व्हायच्या सकाळी मी अंथरुणातून उठलोच नाही. रघू म्हणाला, "दादा, तुला पोरंबाळं आहेत. साहेबाला काय, गोपीनाथ कोण नि रघू कोण!" आणि माझ्या नावावर तो जाऊन उभा राहिला. घरी कुणाला कळू दिले नाही. तिकडे हजेरीला 'गोपीनाथ' पुकारले की तो 'हजर' म्हणायचा. दिवाळीच्या रजेत हसत मला म्हणाला, "माझं नाव नीट सांभाळ हां, परत आलो की घेईन."

मी भित्रा तेव्हाही होतो, आजही आहे. सांगायला तोंड उघडतो आणि आई माझी दृष्ट काढायला उठते. शेवंती ताटात जास्तीचे वाढते. मी खालमानेने जेवतो.

परशुरामदाजी, ताईला पत्रे तुम्हीच वाचून दाखवता. माथ्यावर श्री नाही, म्हणजे अशुभाचे पत्र, हे ओळखून तुम्ही आधी एकट्यानेच वाचले असेल. ताईला बसवा, मग सांगा. वाचून झाले की रिवाजाप्रमाणे फाडून टाका.

ताई, पंचमीची वाट पाहू नकोस, लगेच ये. शेवंतीजवळ बसायला बाईमाणूस हवे. सांगेन मीच, पण तू दारात दिसल्याशिवाय माझ्याने होणार नाही.

बांगड्या आणू नकोस.

तुझा, जिवंत राहिलेला,
गोपीनाथ