दूरची शक्यता

७ एप्रिल

ते टिपण पुन्हा टेबलावर आलं. वर्षाचे हिशेब बंद झाले की कंपनीवर चालू असलेले खटले एका पानावर मांडायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं — हरण्याची शक्यता किती? दाट, मध्यम की दूरची? दाट असेल तर तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. मध्यम असेल तर निदान वार्षिक अहवालात छापावं लागतं. दूरची म्हटलं की छापायचीही गरज नाही. खटला असून नसल्यासारखा.

साहेब म्हणतात, तीन खुंट्या आहेत, कोट कुठल्या खुंटीला टांगायचा ते आपल्या हातात.

पानावर पहिला खटला धुळीचा. आमची कंपनी स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी बनावट दगडाच्या लाद्या कापते. कापणी खात्यातल्या नऊ जणांच्या छातीत ती धूळ जाऊन बसली. नवांत पहिलं नाव माझ्या मेहुण्याचं. ऑफिसात कुणाला माहीत नाही. आडनावं वेगळी, आणि मीही कधी बोललो नाही.

८ एप्रिल

मेहुणा आमच्याकडेच असतो. बायकोचा धाकटा भाऊ, एकटा जीव. संध्याकाळी घरी आलो तर जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेला. म्हणाला, "दाजी, दमलो नाही हं. येणाऱ्याजाणाऱ्यांची तिकिटं तपासतोय."

हसलो दोघंही. मग त्याला खोकला लागला आणि हसणं तिथंच राहिलं. हाताला धरून वर आणला. लहान मुलासारखं वजन!

१२ एप्रिल

ऑडिटरना वकिलांचं पत्र लागतं — खटल्याबद्दल त्यांचं स्वतंत्र मत. आमच्याकडे पद्धत अशी की पत्राचा मसुदा मीच करायचा. वकील तो आपल्या कागदावर उतरवून सही करतात. मग माझंच वाक्य काळा कोट घालून माझ्याकडे परत येतं, आणि ऑडिटर ते आदराने फाइलला लावतात. इतकी वर्षं यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

आज सगळा मसुदा लिहिला. "शक्यता" या शब्दाच्या आधीची जागा कोरी सोडली. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, येत नसेल तर पाटी कोरी दाखव, ठोकून देऊ नकोस.

१३ एप्रिल

साहेबांना वाटलं, मी विसरलो. "वय झालं तुमचं," म्हणाले, आणि स्वतःच्या पेनाने "दूरची" लिहून पाठवून दिलं. दुपारी सही होऊन परतही आलं.

२० एप्रिल

कंपनी विकली जाणार हे आता सगळ्यांना माहीत झालंय. खरेदीदार यंत्रं घेणार, नाव घेणार, गिऱ्हाइकं घेणार. जुनी कंपनी कागदावर राहील आणि खटले तिच्या गळ्यात. अहवालात धुळीचा खटला छापला गेला, तर विक्रीच्या पैशातली तेवढी रक्कम निकालापर्यंत अडकवून ठेवावी लागेल. नाही छापला, तर नऊ माणसं उद्या जिंकली तरी वसुली करणार कुणाकडून? रिकाम्या खोलीकडून?

एका शब्दावर आलंय सगळं.

४ मे

ऑडिटर बाई आल्या. तरुण आहेत, पण वाचतात. बहुतेक ऑडिटर नुसतेच चाळतात. वकिलांच्या पत्रावर बोट ठेवून मला विचारलं, "तुम्हालाही असंच वाटतं?"

नाही म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. मग बाकीचंही सांगितलं — धूळ ओढणारे पंखे दोन वर्षं बंद होते, दुरुस्ती दर वेळी पुढे ढकलली गेली, आणि ते पंखे सांभाळणारा माणूसच कोर्टात साक्ष देणार आहे. तो माणूस माझा मेहुणा, एवढं मात्र सांगितलं नाही.

त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. मग ही मध्यम झाली, म्हणाल्या, छापावी लागेल.

बऱ्याच दिवसांनी घरी चालत आलो. देवासमोर जरा जास्त वेळ बसलो.

६ मे

साहेबांनी बोलावलं. चहा मागवला, दार लोटलं.

"मेहुणा आहे म्हणे तुमचा."

दाव्यात त्याचा पत्ता आमच्या घराचा! कुणीतरी माझ्या कागदांशी ताडून पाहिला. हे मला सुचायला हवं होतं.

आवाज चढला नाही त्यांचा. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, म्हणाले. "पण घरच्या माणसाचं मत धरणार कोण?"

ऑडिटर बाई जिन्यात भेटल्या. हे नातं तुम्ही आधी सांगायला हवं होतं, म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. आता माझ्या शब्दावर त्यांना जाता येत नाही. साक्ष पंचवीस तारखेला आहे, तोवर थांबते म्हणाल्या. पंखे बंद होते हे कोर्टात आलं तर छापणार. नाहीतर वकिलांचं पत्र आहेच.

खरं तेच बोललो होतो. माझ्या तोंडून आलं म्हणून ते नासलं.

९ मे

टिपणाखाली, तयार करणाऱ्याच्या जागी, माझी सही लागते. आज नाही केली. साहेब म्हणाले, घाई नाही. मग सहज बोलल्यासारखं — खरेदीदारांना माणसांची यादी द्यायची आहे, कोण बरोबर येणार, कोण नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेतं, हेही सहजच.

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. "सही करू नका," ती म्हणाली. भांडी आवरताना परत आली. "पण मग आपलं कसं?"

पलीकडे मेहुण्याचं प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. मधली भिंत म्हणजे नुसती फळीच आहे.

१७ मे

देवासमोर बसलो. काय मागावं ते कळेना. नुसताच बसून उठलो.

२४ मे

उद्या मेहुण्याची साक्ष. त्याची तयारी म्हणून मी समोरचा वकील झालो. विचारलं, तोंडाला फडकं का बांधत नव्हता?

"बांधत होतो साहेब. संध्याकाळी सोडलं की ते आपल्या पायावर उभं राहायचं."

बायको पोट धरून हसली. मीही. बाकीच्या आठ जणांपैकी दोघं येऊन बसले होते, जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. तू आहेस म्हणून आम्ही आहोत, असं काहीसं म्हणाले. तो खाली बघत होता. दमला असेल.

२६ मे

काल मेहुण्याने साक्ष दिली. पंखे रोज चालू असायचे, म्हणाला. नऊ जणांच्याच वकिलाने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. बाकीचे आठ जण मागच्या बाकावर होते. नंतर कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर दम खायला बसला. म्हणाला, "दाजी, आता यादीत नाव येईल ना तुमचं?"

आज टिपणावर सही केली. त्यात एकही शब्द खोटा उरला नव्हता.