क्लचचा पाय

३ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, क्लच बंद! गुडघ्याचा फोटो उजेडावर धरून — "मॅडम, हाडावर हाड घासतंय. कोइमतूरच्या गर्दीत गियरची गाडी आता नको." मी म्हटलं, मी गर्दीसाठी गाडी घेतलेलीच नाही. हसले नाहीत.

परतताना प्रत्येक सिग्नलला डावा पाय कळवळला. पण सुलूरच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला, तिसऱ्या गियरमध्ये उजवा पाय दाबला आणि इंजिनने पाठीवर ती ओळखीची थाप दिली. डॉक्टरांना विसरले.

५ जानेवारी

अमुदनचा चेन्नईहून फोन. त्याने डॉक्टरांना परस्पर विचारलं! "अम्मा, ती लाल गाडी विकू. उंच, ऑटोमॅटिक घेऊ, ड्रायव्हर ठेवू. तू मागे आरामात बस."

मागे बस! आजी बैलगाडीत मागे, आई स्कूटरवर मागे. अप्पांचे बैल रेक्ला शर्यतीत पहिले यायचे, पण कासरा माझ्या हाती कधी दिला नाही. म्हणायचे, पोरीनं मागे उभं राहून ओरडावं. ओरडायला तिथेच शिकले. त्याच आवाजावर इतकी वर्षं पट्टिमंड्रमचे मंच गाजवले — दोन पक्ष, मध्ये निवाडा देणारा पंच, समोर अख्खं गाव — आणि त्याच बोलण्याच्या कमाईतून ही गाडी घेतली. फार महागातली नाही. पण बुटकी, सहा गियरची, हरणाच्या चपळाईची!

ऑटोमॅटिक मला चालवता येईल, हे कळतं. पण ते म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेलं भाषण वाचणं.

११ जानेवारी

वालपारैला सभा. बरोबर नेहमीसारखे नाचिमुत्तु अण्णा. मास्तर होते, आता निवृत्त. मंचावर कायम माझ्या विरुद्ध पक्षात, गाडीत कायम माझ्या शेजारी. नियम एकच — जाताना विषयावर अवाक्षर नाही.

आळियारच्या पुढे घाट लागला. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. गाडी रस्त्याला अशी चिकटून वळते की गाणं म्हणावंसं वाटतं. अण्णांनी खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं, डोळे मिटलेले.

"घाबरलात का अण्णा?"

"झोपलोय, अम्मिणी."

"झोपलेला माणूस हँडल धरतो?"

"आमच्या घराण्यात धरतात."

उतरताना म्हणाले, "ही गाडी आहे की विहीर? मी वर येतो, धोतर खालीच राहतं!" त्यांना सायकलसुद्धा नीट येत नाही. आणि मला गाडीबद्दल अक्कल शिकवतात — तीही 'अम्मिणी', म्हणजे बाईसाहेब, असं म्हणत 'अहो-जाहो' करून. आमच्या कोंगु मुलखात शिवीसुद्धा आदरार्थी असते.

१६ जानेवारी

माट्टु पोंगल. गोठ्यांत बैलांची पूजा. मी गाडी धुतली, बॉनेटला कुंकू लावलं. शेजारची वळ्ळियम्मै कुंपणावरून — "पूंकोडी, शिंगं रंगवायची राहिली की!"

१९ जानेवारी

गुडघा सुजला. जास्त लिहीत नाही.

२४ जानेवारी

उडुमलैची सभा. विषय: म्हातारपणाचं सुख कशात — दुसऱ्यावर विसंबण्यात, की स्वतःच्या पायावर उभं राहण्यात? मला 'स्वतःच्या पायावर'. जाळ केला आज! टाळ्या थांबेनात. अण्णा 'विसंबण्यात'च्या बाजूने हळूच बोलले. एकच वाक्य लक्षात आहे — "आपल्यावर कुणी विसंबलं की आपलंही थोडं म्हातारपण कमी होतं." निवाडा माझ्या पक्षाला.

खाली येऊन गाडीत बसले. क्लच दाबला — पाय थरथरला आणि सुटला. गाडी मैदानाच्या फाटकातच बंद! मागे मिनीबसचा हॉर्न. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. अण्णा उतरले, मंडपवाल्यांचा ड्रायव्हर घेऊन आले.

माझ्याच गाडीत मी मागे बसले.

तो मुलगा चौथ्यावर टाकायच्या वेगाला दुसऱ्यावरच रेटत होता. इंजिनची ती घरघर माझ्या छातीत. पल्लडम आलं तेव्हा म्हटलं, "बोला ना अण्णा. हसा."

"तुम्ही जिंकलात, अम्मिणी," ते वळून न बघता म्हणाले. "फक्त, मी आज पाठ केलेलं बोलत नव्हतो."

२६ जानेवारी

अमुदनला सांगितलं, विकून टाक. "खरंच, अम्मा?" त्याचाच आवाज पडला.

१ फेब्रुवारी

तिरुप्पूरचा एक जण गाडी बघून गेला. चक्कर मारून आला, म्हणाला, "बाईंच्या हातची म्हणून इतकी हळुवार वापरलीय." हळुवार! वालपारैच्या घाटाला विचार म्हणावं. सहा तारखेला नेणार आहे.

३ फेब्रुवारी

धारापुरमची सभा रद्द केली. अण्णा फोन उचलत नाहीत. त्यांच्या घरी विचारलं, तर वहिनी वैतागलेल्या — "सकाळी उठून कुठे जातात कोण जाणे! घामाघूम होऊन येतात, वर अरिसी परुप्पु सादम दोनदा वाढून घेतात. विचारलं तर म्हणतात, सभेची तयारी."

मला वगळून सभा! बरं.

६ फेब्रुवारी

सकाळी फाटकात अण्णा. धोतर नाही — पँट! हातात शिकाऊ परवाना आणि लाल 'एल' लिहिलेले दोन कागद. "शेजारी परवानावालं माणूस लागतं म्हणे, अम्मिणी. ओरडणारं असलं तरी चालतं."

तिरुप्पूरला फोन करून नाही म्हणाले. किल्ली दिली. डावीकडे बसले. फाटकातच गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुटली — आणि मी खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.