दादाचा आवाज

मंगळवार, संध्याकाळ. विश्रांतवाडी.

इक्वेडोरच्या ज्वालामुखींवर नेणाऱ्या मोहिमेच्या डॉक्टरांचा फोन आला होता. "याआधी उंचीवर काही त्रास? भास वगैरे?"

"नाही," म्हणाले मी. किती सहज म्हणाले.

किलिमांजारोवर, शिखराच्या जरा खाली, दादा माझ्या मागून चालत होता. त्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "हळू चाल गं, घाई कसली?" त्याचाच आवाज. मी वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं?

मघाशी ह्यांनी विचारलं, "किलिमांजारोचा एक ज्वालामुखी पुरला नाही वाटतं?"

"बर्फ बघायचाय," म्हटलं.

प्राणवायू कमी पडला की असे आवाज येतात, हे मलाही कळतं. पण इथे, पुण्यात, दादा एकदाही बोललेला नाही.