सात बुधवारांचा खुलासा

रोहा, २९ मे १९९९

तीर्थरूप रंभाकाकूंस, कमळाकरचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं लिहिणार होतो, पण तुमच्या घराला जिनाच नाही. (पेणच्या रामवाडीतल्या बैठ्या घरांचं तेवढं एक बरं.) मी ठीक आहे, म्हणजे जेवतो, धाटावला कंपनीत जातो, परत येतो. आईच्या तेराव्याला तुम्ही मला मागच्या दारी गाठलंत आणि म्हणालात, "कमळाकर, सात बुधवार बसली ती फोनजवळ. मी काय खोटं बोलत नाय." मी म्हणालो, कॉम्प्युटर बिघडला होता. त्यावर तुम्ही असं पाहिलंत की मी पंगतीची ताटं उचलायला आत निघून गेलो. म्हणून हा खुलासा.

दर बुधवारी दीड वाजता तुमच्या फोनवर आईशी बोलायचं, हे पूर्वी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनाने लिहीत असे. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ई-मेलची सोय आली. त्याच्यातच एक कॅलेंडर असतं आणि ते वेळेआधी पाच मिनिटं घंटी वाजवतं. मी सगळं त्यात भरलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून कपाटात खाली अंथरलं. (शहाणपणाला काही धरबंध?) वर्षभर छान चाललं. यंदा पाडव्याला साहेबांनी नवा कॉम्प्युटर आणला. मुहूर्त साधायचा म्हणून आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर साखरगाठींची माळ घातली. दुसऱ्या दिवशी आत मुंग्या. त्या काढण्यात दोन दिवस गेले, मग जुन्यातला सगळा ऐवज अकरा फ्लॉप्यांवर घालून नव्यात आणला. पत्रं आली, पत्ते आले, कॅलेंडरही आलं. फक्त घंटी वाजेना. बॉयलर तपासायला आलेले साहेब गेटवर तासभर उभे राहून रागाने निघून गेले, तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हाला वाटलं, मुंग्यांनी घंटीची वायर खाल्ली.

पनवेलचा इंजिनियर आला तो थेट मे महिन्यात. तो म्हणाला, वायरबियर काही नाही, तुमचं कॅलेंडर वेगळ्याच कप्प्यात जाऊन पडलंय आणि घंटी वाजते ती फक्त मुख्य कप्प्यातली. त्याने दोन मिनिटांत सगळं तिकडे हलवलं. मग काय, दीड महिन्याच्या चुकलेल्या आठवणी एकदम पडद्यावर! बॉयलर, आमच्या शिपायाच्या, गुणाजीच्या, नातीचं बारसं, माझ्या दाढेची तारीख. सगळे हसले, मीही हसलो. मग खाली एकाखाली एक सहा ओळी दिसल्या. आईला फोन. आईला फोन. माझं हसू तिथेच थांबलं.

तुम्ही म्हणाल, पोटच्या पोराला घंटी कशाला लागते? लागते, काकू. मार्चअखेर होती, कामं होती, पण खरं म्हणजे लक्षात ठेवायचं काम मी दुसऱ्याला देऊन मोकळा झालो होतो. रोह्याहून पेण एसटीने दीड तास. तेवढंही मला जमलं नाही. फार वाईट वाटतं.

निकेशला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
कमळाकर

ता. क. : वर मी सातही बुधवार कॉम्प्युटरच्या नावावर घातले. त्याचे सहाच. तो सोमवारी दुरुस्त झाला आणि पाच तारखेला, बुधवारी, एक पंचवीसला घंटी वाजली. मी डबा उघडून बसलो होतो, शेजारच्या टेबलावरचा प्रविण आमच्या साहेबांची नक्कल करत होता. मी 'थोड्या वेळाने आठवण कर' हे बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. शुक्रवारी तुमचाच फोन आला.

ता. क. २ : खरं काम हे. त्या बुधवारी ती उठून घरी निघाली तेव्हा तुम्ही तिला काहीतरी सांगितलं असेल. लाइन खराब आहे, रोह्याचा फोन लागत नाय, असं काहीतरी. तेवढं मला एका कार्डावर लिहून कळवा. सांगितलं नसेल, तरी सांगितलं असंच लिहा.